दगडाची चिठ्ठी

आपल्या सावर्ड्याच्या आसपास जिकडे पाहावे तिकडे तांबडा दगड. सड्यावर तोच, घराच्या भिंतीत तोच, गडग्यालाही तोच. याला आपण जांभा म्हणतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे पाडता येतात. पुढे वारा-ऊन लागले की तो टणक होतो. बुकानन नावाच्या एका डॉक्टरने मलबारात लोकांना असे चिरे पाडताना पाहिले. सन १८०७ साली त्याचे पुस्तक छापून आले. त्यात त्याने या दगडाला लॅटराइट असे नाव दिले. विटेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले.

चिपळुणावरून कुंभार्ली घाटाला लागलात की दगड बदलतो. तिथे काळा कातळ दिसतो. खरे तर जांभा हा या काळ्या कातळाचाच मुलगा. हजारो-लाखो वर्षे ऊन-पाऊस खाऊन काळा दगड झिजतो, त्यातले लोह मागे राहते, आणि दगड तांबडा होतो.

हा काळा कातळ आला कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या. त्यांतून तापलेला रस वर आला. तो पसरला, निवला, त्याच्यावर पुन्हा दुसरा थर आला. असे थरावर थर बसून आपला सह्याद्री उभा राहिला.

आता घावन डोळ्यांपुढे आणा. तव्यावर पीठ पडले की वाफ वर येते आणि घावनाला जाळी पडते. त्या रसातही वायूचे बुडबुडे होते. रस निवून दगड झाला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत ऊन पाणी झिरपले. त्या पाण्यात नाना प्रकारची द्रव्ये विरघळलेली होती. मिठागरात पाणी आटले की मिठाचे खडे धरतात ना? तसेच या पोकळ्यांत हळूहळू खडे धरले. पण ते मिठाचे नव्हेत, गारेचे आणि इतर खनिजांचे.

म्हणून काळा दगड फोडताना कधीकधी आत जणू देव्हारा उघडतो. कुठे काचेसारखे स्वच्छ खडे असतात. त्यांना अपोफायलाइट म्हणतात. कुठे पेंढी बांधल्यासारखे फिकट गुलाबी खडे असतात. ते स्टिल्बाइट. कुठे पांढऱ्या सुयांचा झुपका असतो. तो स्कोलेसाइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत गडद निळे खडे सापडले. त्यांचे नाव कॅव्हान्साइट. ते जगात फार थोड्या ठिकाणी मिळतात. नावे अवघड आहेत खरी, पण एकदा जिभेवर बसली की विसरत नाहीत.

बोरघाटातून रेल्वे नेली, ती सन १८६३ साली सुरू झाली. तेव्हा डोंगर फोडताना असे सुंदर खडे निघाले आणि परदेशांतही गेले. आज नाशिक, जळगाव, पुणे या भागांत खडीच्या खाणींत आणि विहिरी खणताना ते मिळतात. अजिंठा-वेरूळला जाल तर तिथे फेरीवाले असेच दगड विकताना दिसतात. नाशिक जिल्ह्यात सिन्नर येथे तर ‘गारगोटी’ या नावाचे दगडांचे संग्रहालयच आहे.

हे दगड जातात कुठे? बरेचसे जातात सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेत ॲरिझोना नावाचे राज्य आहे. त्याचा मोठा भाग वाळवंटच. तिथे क्वार्ट्झसाइट नावाचे छोटे गाव आहे. गारेला इंग्रजीत क्वार्ट्झ म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले. २०२० सालच्या शिरगणतीत गावची वस्ती सुमारे अडीच हजार भरली. उन्हाळ्यात तिथे जीव नकोसा होतो. पण जानेवारी-फेब्रुवारीत हवा छान असते. मग थंड प्रदेशातले लोक, त्यांत बरेच नोकरीतून निवृत्त झालेले, चाकांवरची घरे घेऊन येतात आणि माळावर मुक्काम ठोकतात. जत्राच भरते म्हणा! मांडवाखाली टेबले मांडतात, कुणी मोटारीच्या मागेच दुकान थाटतो. कुठे दगड वजनावर, कुठे नगावर. कच्चे दगड, कापलेले दगड, दगड कापायची यंत्रे, सारे काही मिळते. त्या गावात एक मजेची गोष्ट आहे. सैन्यात उंट हाकण्यासाठी आणलेला हाजी अली नावाचा माणूस तिथे पुरला आहे. तो १९०२ साली वारला. त्याच्या थडग्यावर दगडाचा मनोरा असून माथ्यावर उंट आहे.

त्याच राज्यात टूसॉन नावाचे मोठे शहर आहे. तिथला दगडांचा मेळा सन १९५५ मध्ये एका शाळेत सुरू झाला. आता दर हिवाळ्यात साऱ्या जगाचे व्यापारी तिथे जमतात. आपल्या देशातलेही जातात. कित्येक व्यापारी हॉटेलातली खोली भाड्याने घेतात आणि तिचेच दुकान करतात. गिऱ्हाईक दारोदार हिंडते.

अशा बाजारात दगडाचा भाव कशावर ठरतो? रंग आणि आकार तर आहेच. पण आणखी दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट, दगड शाबूत हवा. खड्याचे एक टोक उडाले तरी भाव उतरतो. काही खडे कापसाच्या बोंडासारखे असतात. नुसते बोट लागले तरी ते चुरगळतात.

दुसरी गोष्ट, दगडासोबत चिठ्ठी हवी. दगडाचे नाव काय, तो कोणत्या गावचा, कोणत्या खाणीतला, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. जाणकार गिऱ्हाईक आधी चिठ्ठी वाचते. ज्या दगडाचे गाव हरवले, त्याचे मोलही घटले. पुष्कळ जुन्या दगडांवर नुसते ‘पूना’ एवढेच लिहिलेले आढळते. दगड निघाला एखाद्या खेड्याच्या शिवारात, नाव लागले शहराचे! जिथे तो निघाला त्या खेड्याचे नाव कायमचे पुसले गेले.

असे का झाले असेल? विचार करा. दगड पहिल्यांदा पाहतो कोण? घण मारणारा मजूर. कोणत्या खाणीत, कोणत्या बाजूला तो निघाला, हे त्यालाच पक्के ठाऊक. पण त्याला लिहिता येत नसेल, तर ती माहिती त्याच्यापाशीच राहते. दगड हातोहात पुढे जातो आणि प्रत्येक हाताला थोडी थोडी माहिती गळते. मजुराला मिळते ती फक्त खडी फोडल्याची मजुरी.

म्हणून खाणीत कामाला जाणाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुरुंग उडाल्यावर लगेच पुढे धावू नये. सुटलेला दगड वरून कोसळतो. कोरडी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, ती फुप्फुसात बसते. खाणीतला माल न विचारता उचलू नये. आणि असा दगड शाबूत काढून दिला तर वर किती देणार, हे मालकाशी आधीच बोलून ठेवावे. काम झाल्यावर घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

विकत घेणाऱ्यांनीही सावध असावे. दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. जत्रेत काचेचे तुकडे रत्न म्हणून खपवतात. पांढऱ्या खड्यांना रंगही देतात. पारख करायची तर तुटका तुकडा घ्या, चांगला नको. गारेने काचेवर ओरखडा पडतो, कॅल्साइटने पडत नाही. कॅल्साइटची भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे येतात. काचेच्या खड्यात पुष्कळदा आत गोल बुडबुडे दिसतात. मोस नावाच्या जाणकाराने १८१२ साली खनिजांना कठीणपणाचे एक ते दहा असे अंक दिले. त्यात कॅल्साइटला तीन, गारेला सात आणि हिऱ्याला दहा.

आता तुम्हाला लिहिता येते. उद्या विहीर खणताना असा एखादा दगड हाती लागला, तर त्याला घणाखाली घालू नका. जुन्या कापडात नीट गुंडाळा. एका कागदावर लिहा : गाव, तालुका, जिल्हा, जागा, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव. तो कागद दगडाबरोबर बांधा. दगड कुठेही गेला, अगदी वाळवंटातल्या बाजारात गेला, तरी तुमचे गाव त्याच्याबरोबर जाईल.

विचार करा व सांगा
१. जांभा दगड मऊ असतो, तरी घराला कसा चालतो?
२. काळ्या दगडात पोकळ्या कशा झाल्या?
३. चिठ्ठी नसली तर दगडाचे मोल का घटते?
४. तुमच्या गावच्या एखाद्या दगडासाठी चिठ्ठी लिहून दाखवा.