पेशीपासून पाड्यापर्यंत : कर्करोगाचे निदान आणि ग्रामीण वैद्याचे दायित्व

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे कर्करोगाचा रुग्ण प्रथम येतो, तेव्हा त्याच्या तोंडी रोगाचे नाव नसते. कोणी तोंडातील न भरणारा व्रण दाखवितो, एखादी स्त्री अंगावरून जात असल्याची तक्रार सांगते, कोणास शौचावाटे रक्त पडते म्हणून मूळव्याधीचे औषध हवे असते. औषधालयात तर पुष्कळदा तक्रारही सांगितली जात नाही. मागील वेळचे वेष्टन पुढे करून तेच औषध मागितले जाते. कर्करोगाच्या चिकित्सेत जो काळ सर्वांत मोलाचा, तो बहुधा याच टप्प्यावर खर्ची पडतो. प्रस्तुत पाठात पेशीत हा रोग कसा घडतो, आपल्या संहितांत त्याविषयी कोणता विचार आहे, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील अभ्यासांनी काय सिद्ध केले आणि या सर्वांतून आपल्या नित्य व्यवहारासाठी काय निष्पन्न होते, याचा क्रमाने विचार करू.

१. आपल्या जिल्ह्याशी जोडलेले एक कार्य

कर्करोगाचे पेशीशास्त्र आणि ग्रामीण आरोग्य ही दोन टोके एकाच आयुष्यात सांधणाऱ्या शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. कमल रणदिवे. त्यांचा जन्म पुणे येथे ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. पुढे मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात, भारतीय विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले व १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गे यांच्याकडे त्यांनी ऊतिसंवर्धनाचे, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात जिवंत पेशी वाढविण्याचे तंत्र आत्मसात केले. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, अंतःस्राव व विषाणू यांच्याशी असलेला संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील वाचकांसाठी त्यांच्या उत्तरायुष्यातील कार्य विशेष महत्त्वाचे आहे. आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, ‘सत्यनिकेतन’ या संस्थेच्या साहाय्याने, त्यांनी आदिवासी बालकांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्याचे व आहाराचे शिक्षण दिले. या कामाचा विषय कर्करोग नव्हता. परंतु प्रयोगशाळेतील ज्ञान गावापर्यंत पोहोचविण्यास गावातीलच जाणती व्यक्ती लागते, हा त्यातील बोध कर्करोगासही पूर्णपणे लागू पडतो. ग्रामीण भागात ही जाणती व्यक्ती पुष्कळदा वैद्य किंवा औषधालयचालक असते.

२. पेशीतील संप्राप्ती

निरोगी शरीरात पेशीचे विभाजन मर्यादेत चालते. काही जनुके विभाजनास चालना देतात, तर काही त्यास आवर घालतात. पी-५३ व आरबी या नावांनी ओळखली जाणारी प्रथिने आवर घालणाऱ्यांपैकी होत. गुणसूत्रांस इजा झाल्यास पी-५३ पेशीचे विभाजन थांबविते, आणि इजा दुरुस्त होण्याजोगी नसेल तर त्या पेशीस मरणाकडे नेते. तंबाखूतील द्रव्ये, किरणोत्सर्ग, विशिष्ट विषाणू अथवा जन्मजात दोष यांमुळे हे नियंत्रण एकेक करून ढासळते. एका बदलाने सहसा कर्करोग होत नाही. अनेक बदल साचावे लागतात व त्यास वर्षे लागतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हे याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण आहे. ज्या डॉ. गे यांच्याकडे रणदिवे यांनी शिक्षण घेतले, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नामक रुग्णेच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातील पेशी, तिची संमती न घेता, वाढविल्या गेल्या. ‘हेला’ या नावाने त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या अठराव्या प्रकाराचा अंश असल्याचे पुढे आढळले. हा विषाणू व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचा संबंध दाखविल्याबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूची ई-६ व ई-७ ही दोन प्रथिने अनुक्रमे पी-५३ व आरबी यांना निष्प्रभ करतात. आवर घालणारेच नाहीसे झाल्यावर पेशी अनिर्बंध वाढू लागते.

वैद्यास यातील कालमान महत्त्वाचे आहे. बहुसंख्य स्त्रियांत हा विषाणुसंसर्ग आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यातील काहींना पूर्वरूपावस्थेतून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत जाण्यास सामान्यतः दहा ते वीस वर्षे लागतात. या दीर्घ अवधीत रोग ओळखला तर तो लहानशा उपचाराने थांबविता येतो.

३. सुश्रुतोक्त विचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन येते. गोल, स्थिर, अल्प वेदनेचा, खोल मूळ असलेला, सावकाश वाढणारा आणि न पिकणारा मांसोपचय, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. एका अर्बुदावर किंवा त्याच्यालगत दुसरे उत्पन्न होणे, म्हणजेच अध्यर्बुद व द्विरर्बुद, यांचीही नोंद तेथे असून ते असाध्य मानले आहेत. चिकित्सास्थानात तर दोष शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा शीघ्र उद्भवते, म्हणून ते निःशेष काढावे, असा स्पष्ट निर्देश आहे.

सूत्रस्थानातील षट्क्रियाकालाचा सिद्धांत सर्वांस परिचित आहे. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद या सहा अवस्थांपैकी जितक्या पूर्वीच्या अवस्थेत क्रिया होईल, तितका व्याधी सुखसाध्य. अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग, किंवा षट्क्रियाकाल म्हणजेच जनुकीय बदलांची साखळी, असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. अर्बुदाच्या वर्णनात सौम्य गाठीही येऊ शकतात. परंतु ‘काल दवडू नये आणि शेष ठेवू नये’ हा उपदेश मात्र निःसंदिग्ध आहे. ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’ या लोकसमजुतीपोटी रुग्णास बायोप्सीपासून परावृत्त करणे हे या उपदेशाच्याही विरुद्ध जाते. तज्ज्ञाने योग्य रीतीने केलेल्या बायोप्सीने रोग पसरण्याची शक्यता अत्यल्प असते. तिच्याविना मात्र रोगाची जातही ठरत नाही आणि चिकित्साही.

४. बार्शी व उस्मानाबाद येथील अनुभव

ग्रामीण महाराष्ट्रात या विषयावर झालेले कार्य जगभर संदर्भ म्हणून घेतले जाते. १९८७ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत आली. नोंदणीचे कार्यकर्ते केवळ रुग्णालयाची कागदपत्रे पाहून थांबले नाहीत. ते गावोगाव गेले, लक्षणांची माहिती दिली व संशयित रुग्णांस तपासणीस आणले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णा पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. कोणत्याही महागड्या यंत्राविना, केवळ सांगण्याने व पाठविण्याने हा फरक पडला.

१९९९ मध्ये उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर मोठा अभ्यास आरंभिला गेला. विषाणूची चाचणी, पॅप तपासणी, आम्लद्रव लावून केलेली दृश्य तपासणी आणि नेहमीची सेवा असे चार गट होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणुचाचणी एकदाच झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ झाले. म्हणजे एका चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. तुलनेच्या गटास तपासणीविना ठेवल्याबद्दल या अभ्यासावर पुढे टीकाही झाली. ती रास्त चर्चा आहे. परंतु त्या स्त्रियांच्या सहभागातून मिळालेले ज्ञान न वापरणे हा त्यांच्यावर आणखी एक अन्याय ठरेल.

उस्मानाबादेत एकदाच केलेल्या दृश्य तपासणीने मृत्यूत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत मात्र प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या केल्या, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या साधनास सातत्याची जोड हवी, हा त्यातील धडा होय.

५. वनस्पतिज द्रव्यांविषयी विवेक

कर्करोगावरील काही प्रभावी औषधे वनस्पतींतून आली, ही आपणास अभिमानाची वाटणारी गोष्ट आहे. अंगणातील सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन व व्हिनब्लास्टिन मिळाली. खानदेशात नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी यांनी अमेरिकेत डॉ. मनरो वॉल यांच्यासमवेत कॅम्प्टोथेसिन (१९६६) व टॅक्सॉल (१९७१) या द्रव्यांची रचना उलगडली. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्या या वृक्षातही आढळते. परंतु कित्येक क्विंटल सदाफुलीच्या पानांतून व्हिंक्रिस्टिन जेमतेम ग्रॅमभर निघते, आणि ते मिलिग्रॅमच्या हिशेबाने शिरेतून द्यावे लागते. पानांचा रस घेतल्याने औषधाची मात्रा मिळत नाही. विषबाधा मात्र संभवते. द्रव्य, मात्रा व परीक्षण ही तिन्ही असतील तरच वनस्पतीचे औषध होते.

६. वैद्याचा व्यवहार

पुढील लक्षणांत केवळ लाक्षणिक चिकित्सा चालू ठेवू नये.

• तोंडातील व्रण, पांढरा वा लाल चट्टा दोन आठवड्यांत न भरणे. तोंड उघडण्यास अडचण. मशेरी, तंबाखू वा गुटख्याचे व्यसन असल्यास विशेष दक्षता. खदिरादि वटी अथवा इरिमेदादि तेल देण्यापूर्वी उजेडात जिभेच्या कडा व गालांची आतील बाजू बोटाने चाचपून पाहावी.
• रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव. गर्भाशयमुखाची तपासणी झाल्याविना पुष्यानुग चूर्ण व अशोकारिष्ट यांची महिनोन्महिने योजना करू नये.
• स्तनातील गाठ, वेदनारहित असली तरी. कांचनार गुग्गुळ देऊन गाठ विरघळण्याची वाट पाहू नये.
• शौचावाटे रक्त व मलप्रवृत्तीत बदल. अन्न गिळताना अडणे. तीन आठवड्यांहून अधिक काळ स्वरभेद. अकारण वजन घटणे.

अशा रुग्णास तोंडी सल्ला देऊन थांबू नये. लक्षण, त्याचा कालावधी व आपली शंका लिहिलेली चिठ्ठी द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा राहाता तालुक्यातीलच लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय यांपैकी जेथे रुग्ण प्रत्यक्षात जाऊ शकेल ते ठिकाण सुचवावे. शासनाच्या कार्यक्रमात तिशीपुढील व्यक्तींसाठी मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीची तरतूद आहे. गावातील आशा कार्यकर्तीस ती ठाऊक असते. खर्चाच्या धास्तीने रुग्ण मागे फिरत असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी. आठ दिवसांनी तो गेला की नाही, याची चौकशी करणे हा चिकित्सेचाच भाग समजावा.

रुग्णाची शस्त्रक्रिया, किरणोपचार वा रसायनोपचार चालू असता आपले काम संपत नाही. पथ्यकर आहार, मुखपाकात मुखाची निगा, मलावरोध, निद्रानाश, कुटुंबाचे धैर्य यांत वैद्याचे साहाय्य अमोल असते. मात्र यकृत व वृक्क यांवर आधीच भार असल्याने रसौषधी, भस्मे व तीव्र द्रव्ये मुख्य चिकित्सकास न कळविता देऊ नयेत. रोग असाध्य अवस्थेत असेल तर वेदनाशमनासाठी मॉर्फिन नाकारू नये. ते व्यसन लावील या भीतीने रुग्णास तळमळत ठेवणे वैद्यधर्मात बसत नाही.

७. औषधालयचालकांस

एकच रुग्ण तोंडाच्या व्रणाचे, प्रदराचे वा मूळव्याधीचे तेच औषध तिसऱ्यांदा मागू लागला, तर ‘कोणास दाखविले का?’ हा एक प्रश्न विचारावा. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये निषिद्ध आहे. अशा उत्पादनांची पत्रके दुकानात लावू नयेत. एक विक्री गमावल्याने जे नुकसान होईल, त्याहून गावाचा विश्वास मोठा आहे.

स्वाध्याय

१. पी-५३ निष्प्रभ झाल्याने पेशीच्या वर्तनात कोणता बदल होतो?
२. अर्बुदाच्या ‘न पिकणे’ या लक्षणाचा विद्रधीपासून भेद करण्यास कसा उपयोग होईल?
३. उस्मानाबाद व मुंबई येथील दृश्य तपासणीच्या निष्कर्षांत फरक का पडला असावा?
४. आपल्या रुग्णनोंदवहीत गेल्या सहा महिन्यांत प्रदर, मुखपाक व रक्तार्श यांसाठी तीनहून अधिक वेळा आलेले रुग्ण किती? त्यांपैकी कितींची स्थानिक तपासणी झाली आहे? शेष राहिलेल्यांस येत्या आठवड्यात बोलावून घ्यावे.