पुदिन्याचा मिल्कशेक : रंग, गंध आणि गारवा



फाल्गुन वद्य पंचमी जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. पहिला राजवाड्याच्या परिसरातून निघणाऱ्या गेरीचा आणि दुसरा रंगून घरी परतणाऱ्यांना प्यावयास काय द्यावे याचा. थंडाई ही या दिवसांची मानकरी खरी. पण तिच्यात कोणी भांग तर मिसळली नाही ना, ही शंकाही तिच्यापाठोपाठ येते. मुलांच्या हाती पेला देताना आई दोनदा विचार करते. अशा वेळी पुदिन्याचा मिल्कशेक घरीच करावा असे वाटणे साहजिक आहे. अमेरिकेत मार्च महिन्यातच, 17 तारखेच्या सेंट पॅट्रिकच्या सणाला, असेच हिरवे मिल्कशेक आवडीने पितात. आपल्याकडे तर या सुमारास ऊन तापू लागलेले असते. तेव्हा या पेयाची गरज आपल्यालाच अधिक.

कृती वरकरणी अगदी सोपी. पुदिन्याची जुडी, दूध आणि साखर मिक्सरमध्ये घालून फिरवली की झाले! प्रत्यक्षात मात्र पेल्यात उतरते ते मळकट हिरवे, गवताच्या वासाचे, किंचित कडवट दूध. मुले एक घोट घेऊन पेला बाजूला ठेवतात आणि पुढच्या वर्षी हिरव्या रंगाची व इसेन्सची बाटली घरात येते. यात दोष पुदिन्याचा नाही. रंग, गंध आणि गारवा या तिन्ही गोष्टी एकाच पानातून, एकाच कृतीने मिळतील असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः तिघांचे स्वभाव निराळे आहेत.

प्रथम गंध पाहू. पुदिन्याच्या पानावर अतिशय सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत सुगंधी तेल साठलेले असते. हे तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज विरघळते. म्हणून साय काढलेल्या दुधापेक्षा सकस दुधात पुदिना अधिक खुलतो. शिवाय हे तेल उडून जाणारे आहे. दुधात पाने घालून दूध उकळत ठेवले तर सुगंध स्वयंपाकघरभर दरवळतो आणि दुधात थोडाच उरतो. घरातल्या मंडळींना त्याचे कौतुक वाटते, पण पेल्याच्या दृष्टीने तो तोटाच. तेव्हा दूध उकळून खाली उतरवावे, पाच-सात मिनिटे निवू द्यावे, मग पाने हाताने किंचित चुरगळून त्यात घालावीत आणि वर घट्ट झाकण ठेवावे. वीस मिनिटांत गंध दुधात उतरतो. पाने जास्त वेळ ठेवू नयेत, कारण मागाहून उतरतो तो कडवटपणा. देठ तर प्रारंभीच खुडून टाकावेत.

आता गारव्याकडे वळू. पेपरमिंटची गोळी चघळून माठातले साधे पाणी प्यायले तर ते बर्फासारखे लागते, हा अनुभव तुम्हां सर्वांना असेल. तापमापक लावून पाहिला तर पाणी होते तेवढेच उष्ण असते. हा चमत्कार मेंथॉल या द्रव्याचा. आपल्या जिभेच्या व त्वचेच्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारी विशिष्ट प्रथिने असतात. थंडीने ती जशी जागी होतात तशीच मेंथॉलनेही होतात आणि मेंदूला थंडीचा खोटा निरोप पोहोचतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी 2002 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मेंथॉलच्याच साहाय्याने या प्रथिनाचा छडा लावला. उष्णता आणि स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनाबद्दल 2021 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

मग घरच्या पुदिन्याच्या दुधाला तसा गारवा का येत नाही? उत्तर गंमतीचे आहे. मंडईत मिळणारा, चटणीचा पुदिना बहुधा ज्या जातीचा असतो, तिच्यात मेंथॉल नाममात्रच असते. तिचा मुख्य घटक कार्व्होन हा आहे. मेंथॉल मिळते ते निराळ्या जातीपासून. उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं या बाजूंना तिची मोठी शेती होते. कार्व्होनची आणखी एक मौज अशी की आपला डावा हात आरशात उजवा दिसतो, तशी या द्रव्याची दोन रूपे आहेत. घटक तेच, रचना मात्र उलटी. एका रूपाला पुदिन्याचा वास येतो, तर दुसरे रूप बाळंतशोपेत सापडते आणि त्याचा वास तिच्यासारखाच असतो. रसायनशास्त्राच्या तासाला हे ऐकून विश्वास बसला नाही तर घरी दोन्ही हुंगून पाहावे.

तात्पर्य, या पेयातला गारवा पुदिन्याकडून मागू नये, बर्फाकडून मागावा. पेपरमिंटच्या दोन-तीन गोळ्या कुटून घातल्यास जिभेला थोडी झुळूक मिळेल. पण औषधांच्या दुकानातले मेंथॉलचे खडे आणून दुधात घालण्याचा मोह कोणीही करू नये. ते अतिशय तीव्र असतात, आणि तान्ह्या मुलांच्या तर जवळपासही नेऊ नयेत.

रंगाचे प्रकरण सर्वांत नाजूक. पाने कच्चीच वाटली की त्यांतली विकरे हवेच्या संपर्काने काम सुरू करतात आणि वाटण काळवंडते. त्यावर उपाय असा : उकळत्या पाण्यात पाने जेमतेम दहा-पंधरा सेकंद बुडवावीत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत. विकरे निष्प्रभ होतात आणि हिरवेपणा टिकतो. मात्र पाने पाण्यात शिजत ठेवली तर उलटाच परिणाम होतो. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उष्णतेने व आम्लाने तो निसटतो आणि पान शेवाळी होते. म्हणूनच लिंबू पिळलेल्या पुदिन्याच्या सरबताचा रंग टिकत नाही. दूध जवळजवळ उदासीन असल्याने येथे ती भीती कमी. आणि दुधात लिंबू पिळण्याचा उद्योग कोणी करणार नाहीच. हिरव्या रंगाच्या लोभाने माणसाने काय काय केले आहे! पूर्वी युरोपात लोणची हिरवीगार दिसावीत म्हणून ती तांब्याच्या भांड्यात करीत. मॅग्नेशियमची जागा तांबे घेई, रंग पक्का होई आणि खाणाऱ्याच्या पोटात विष जाई. फ्रेडरिक अॅकम या रसायनशास्त्रज्ञाने 1820 साली आपल्या ग्रंथात याविरुद्ध इशारा दिला. आपल्या आज्या भांड्यांना कल्हई लावून घेण्याबाबत इतक्या दक्ष का असत, हे यावरून समजेल.

आता प्रमाण सांगतो. चार मोठ्या पेल्यांसाठी एक लिटर सकस दूध घ्यावे. आदल्या रात्री वर सांगितल्याप्रमाणे त्यात सुमारे चाळीस पानांचा गंध उतरवून दूध गाळावे आणि 100 ग्रॅम साखर विरघळवावी. हे दूध कोमट असताना चाखले तर गोड वाटेल, पण साखर कमी करू नये, कारण अतिथंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. पाव लिटर दूध बर्फाच्या साच्यात ओतून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि उरलेले फ्रीजमध्ये. पेयात साधा बर्फ घातला की ते पाणचट होते. दुधाचाच बर्फ घातला तर तो दोष राहत नाही. सणाच्या दिवशी आणखी तीस पाने उकळत्या पाण्यातून व बर्फाच्या पाण्यातून काढावीत, थोड्या दुधात बारीक वाटून मलमलीच्या फडक्यातून गाळावीत आणि दूध, दुधाचे खडे व हे हिरवे वाटण मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवावे. वर फेस चढतो. तो पुढ्यात येईपर्यंतच टिकतो, म्हणून पाहुणे आल्यावरच मिक्सर लावावा. रंग फिकट पोपटी येईल. बाटलीतल्या रंगाइतका तो भडक नसतो आणि तसा असूही नये.

मिक्सर वा फ्रीज नसला तरी अडत नाही. मोठ्या पातेल्यात तीन भाग फोडलेला बर्फ व एक भाग जाडे मीठ घालून त्यात दुधाचे उभे भांडे बसवावे आणि रवीने घुसळावे. मिठाने बर्फ वितळू लागतो, वितळण्यास लागणारी उष्णता तो आतल्या दुधातून ओढून घेतो, आणि दूध काठाला गोठू लागते. खारे पाणी आत उडणार नाही एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे. हे काम घरातल्या धाकट्यांना फार आवडते.

शिल्लक राहिलेले दूध दुसऱ्या दिवशी शेवाळी दिसेल, पण फ्रीजमध्ये ठेवले असल्यास त्याची चव बरी राहते. ते आटवू नये. थोडा खवा मिसळून कुल्फीच्या साच्यात भरून ठेवावे.