बॅटरीची तपासणी आणि सुरक्षितता
आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांची उपजीविका वाहनावर चालते. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरीची टोके लवकर गंजतात. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मल्टिमीटर लावावा: सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जवळपास निम्मा.

सफाईपूर्वी इंजिन बंद करून प्रथम ऋण तार सोडवावी. जोडताना ती शेवटी जोडावी. गाडीचा सांगाडा ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोकावरचा पाना सांगाड्याला टेकला, तर ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू भडकू शकतो. हातमोजे व चष्मा घालून टोके खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावीत, कोरडी करावीत, जोडणीनंतर व्हॅसलिन लावावे. झाकणाच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नव्हे. कारण उमगले की क्रम पाठ करावा लागत नाही.