कळफलकाचे दोष व त्यांचें निदान

संगणकास नवा कळफलक किंवा माउस जोडावा आणि त्याच क्षणापासून जुना कळफलक भलतींच अक्षरें उमटवूं लागावा, असा प्रसंग विद्यार्थ्यांवर वारंवार येतो. परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो, मुदत जवळ आलेली असते. अशा वेळीं घाईनें निर्दोष यंत्र मोडींत निघतें व पैसाही व्यर्थ जातो. म्हणून या दोषांचें निदान कसें करावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम एक मूलतत्त्व ध्यानांत घ्यावें. कळ दाबली असतां कळफलक संगणकाकडे अक्षर धाडीत नाहीं; तो केवळ त्या कळेचा क्रमांक धाडतो. यूएसबी कळफलकावर इंग्रजी ‘जे’ या कळेचा क्रमांक 13 आहे. इंग्रजी मांडणी चालू असल्यास संगणक त्याचा अर्थ ‘जे’ असा करितो. देवनागरीची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असल्यास त्याच 13 चा अर्थ ‘र’ होतो. सारांश, कळफलक जागा सांगतो आणि अक्षर संगणक ठरवितो. यावरून दोषांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग, अक्षर उमटतें परंतु चुकीचें. येथें यंत्र बहुधा निर्दोष असतें. ई-मेलच्या पत्त्यांतील ‘ॲट’चें चिन्ह हवें असतां दुहेरी अवतरणचिन्ह उमटलें, तर अमेरिकन मांडणीच्या जागीं ब्रिटिश मांडणी लागली आहे काय, तें पाहावें. विंडोजमध्यें एकाहून अधिक मांडण्या असल्यास विंडोज व स्पेस या कळा एकत्र दाबून ती बदलतां येते. कांहीं जुन्या लॅपटॉपांवर ‘जे’, ‘के’, ‘एल’ यांच्या जागीं 1, 2, 3 हे अंक उमटूं लागतात. नव्या कळफलकावरील नम लॉक चालू झाल्याचा तो परिणाम होय. ती कळ पुन्हा दाबावी म्हणजे झालें.

दुसरा वर्ग, अक्षर उमटतच नाहीं किंवा विलंबानें उमटतें. उजवी शिफ्ट कळ 8 सेकंद दाबून राहिल्यास विंडोजमधील ‘फिल्टर कीज’ ही सोय चालू होऊं शकते. ज्यांचे हात कांपतात त्यांच्यासाठीं ती केलेली असून, क्षणमात्र दाबलेल्या कळेकडे ती दुर्लक्ष करिते. ती चालू नसल्यास वीजपुरवठा पाहावा. यूएसबी 2.0 च्या एका खांचेंतून सामान्यतः 500 मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह मिळतो. एकाच हबवर अनेक साधनें लटकविल्यास तो अपुरा पडतो. साधन संगणकास थेट जोडावें; तें बिनतारी असल्यास बॅटरी बदलावी.

तिसरा वर्ग, एकच अक्षर आपोआप पुनः पुनः उमटतें. दोन कळफलक जोडलेले असतां संगणक दोहोंचेंही ऐकतो. बाजूस सारलेल्या कळफलकावर एखादी वही पडली असेल, तर तीही कळ दाबीतच असते!

एवढ्यानेंही उलगडा न झाल्यास नवें साधन काढून संगणक पुन्हा सुरू करावा व जुना कळफलक एकटाच वापरून पाहावा. नंतर तोच कळफलक दुसऱ्या संगणकास लावावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर तो कळफलकाचा. मागेंच राहिला तर संगणकाचा. मात्र एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले असतां कोणत्यानें गुण आला हें कळत नाहीं.

नवें साधन आल्याबरोबर दोष दिसला, एवढ्यावरून कोणालाच अपराधी ठरवितां येत नाहीं. आधीं परीक्षा व मग निर्णय, हा क्रम विद्यार्थ्यांनीं यंत्राच्या बाबतींत पाळावा, आणि मनुष्याच्या बाबतींत तर त्याहूनही कसोशीनें पाळावा.