वाफ्यात पाइप सोडण्याआधी

जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात अजून चार वाफ्यांपुरती जागा निघते. माती काळी, चिकण. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या माळ्याने वाफा खणला, मेथी फेकली आणि वरून सरळ पाइप सोडला. संध्याकाळपर्यंत फुललेली माती चार बोटं खाली बसली आणि पुढे उन्हाने वर पापडी धरली. मेथी दिसेना म्हणून नखाने खपली उचलली, तर खाली पिवळे, दुमडलेले कोंब.

कोरड्या ढेकळात पाणी चहूकडून एकदम शिरलं की आतली हवा कोंडते आणि ढेकूळ आतून फोडते. सुटलेला बारीक गाळ खणताना झालेल्या पोकळ्यांत जाऊन बसतो आणि वाळला की त्याची पापडी होते. पटत नसेल तर सुपारीएवढं वाळकं ढेकूळ पेलाभर पाण्यात अलगद सोडून बघा: बुडबुडे येतात आणि बघता बघता तळाशी चिखल. वर्षानुवर्षं शेणखत खाल्लेल्या वाफ्यातलं ढेकूळ त्याहून बराच वेळ तग धरतं.

म्हणून वाफा आधी भिजवावा, वापसा, म्हणजे मातीत बेताची ओल, आल्यावर बी टाकावं, पुढचं पाणी बारीक तोंडाच्या झारीने द्यावं. वर पाचोळ्याचा पातळ थर हवा. खपली धरलीच, तर खुरपं चालवू नका, कोंब तुटतात. पाणी शिंपडून ती मऊ ठेवा.

वापसा ओळखायला मातीचा मुठीत गोळा करून छातीच्या उंचीवरून टाकायचा. फुटला तर खणा. चपटा होऊन बसला तर कुदळ ठेवून द्या. ओली काळी माती खणली की लिंपली जाते, आणि मग वाळलेल्या विटा फोडत बसा!

पाणी वैरी नाही, हे इथल्या शेतकऱ्यांना केव्हाचं ठाऊक. जबलपूर-नरसिंहपूरकडची हवेली पद्धत हीच: उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी कोंडायचं, पेरणीच्या तोंडावर सोडून द्यायचं आणि वापशावर फारशी नांगरट न करता गहू-हरभरा पेरायचा. पाण्याखाली ढेकळं विरघळतात, तण कुजतं, वाळताना माती तडकून पुन्हा कणीदार होते. खरिपात सोयाबीन आलं तशी हवेली आटली, कारण साचलेलं पाणी त्या पिकाला सोसत नाही. आवारात मात्र हा प्रयोग नको. काळी माती भिजून फुगते, वाळून आकसते, आणि तडे घराच्या भिंतींना जातात.