शंभर पिल्लं येण्याआधी

चि. सुशांत,


सोमवारी गिरिराजा कोंबडीची शंभर पिल्लं येणार, असं वहिनी म्हणाली. तू औषधांची यादी मागितलीस. यादी छोटीच आहे. ऊब आणि कोरडेपणा सांभाळलास, तर त्यातलंही निम्मं लागणार नाही.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली 35 अंश ऊब हवी. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश उतरव. थर्मामीटर टांग, पण पिल्लं कशी बसलीत तेही बघ. बल्बखाली एकमेकांवर चढली, तर गारठलीत. कडेला सरून चोच वासून धापा टाकताहेत, तर बल्ब वर घे. सगळी एकाच बाजूला दाटली, तर दुसरीकडून वारा शिरतोय. सगळीकडे पसरून दाणे टिपताहेत, तर बिनघोर झोप.

खाली अंथरलेलं तूस रोज हलव. मूठभर घेऊन दाब. लाडू वळला तर ओल आहे, भुगा झाला तर ठीक. पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस लगेच काढ. तिसऱ्या आठवड्यापासून रक्ती हगवण अशाच ओलीत फोफावते. विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पिसं फुगवून पेंगायला लागली, की डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम पाण्यातून सुरू कर. तेवढे दिवस बी-जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद ठेव. त्यानं औषधाचा गुण मारला जातो.

मानमोडीवर मात्र औषधच नाही, लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. नेमक्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घे. लस बर्फात आण, कालवली की लगेच संपव, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नकोस. आजारी पिल्लांना लस द्यायची घाई नको.

दुकानदार देईल ते अँटिबायोटिक पाण्यात ओतू नकोस. विषाणूवर ते चालत नाही, आणि उगाच दिलं की खरी गरज पडते तेव्हा लागू पडत नाही. आठवडी बाजारातली कोंबडी आणलीस, तर पिल्लांपासून लांब ठेव आणि आधी पिल्लांचं आवरून मगच तिच्याकडे जा. पिल्लू मेलं तर उकिरड्यावर टाकू नकोस. ताजं असतानाच दवाखान्यात ने. शवविच्छेदनात कारण कळलं, की उरलेल्यांना नेमका उपचार मिळतो.

रविवारीच बल्ब लावून ठेव. गार तुसावर पिल्लं सोडायची नाहीत. आली की आधी पाणी, मग खाद्य.

कळावे,
तुझी आत्या