पोटात ठेवू नकोस

दौंड

चि. बाळू,

तू जेवत नाहीस, पिकअपची किल्ली माळ्यावर टाकलीस, असं ताई म्हणाली. फोनवर तू "मामा, नको" एवढंच म्हणालास, म्हणून लिहितो आहे.

शिरूर-चौफुला रस्ता मला माहीत आहे. दोन्ही अंगांना ऊस उभा असला की शेतातली वाट रस्त्याला कुठे मिळते ते दिसतच नाही. तिथूनच ते बाबा लूनावर तुझ्या पिकअपला आडवे आले. तू थांबलास, 108 ला फोन केलास, रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्यापाशी बसलास. ते वाचले नाहीत. "तुझी काहीच चूक नव्हती" असं सगळे तुला सांगत असतील. मी नाही सांगणार. चूक होती का, किती होती, ते कोर्ट पाहील. तुझ्या गाडीखाली एक माणूस गेला हे खरं आहे, आणि ते कुणी उडवून लावलं की माणूस आणखीच एकटा पडतो.

रेल्वेत आम्ही लोको पायलट याला रनओव्हर म्हणतो. रुळावर कुणी दिसतं, हॉर्न देतो, इमर्जन्सी ब्रेक लावतो, तरी गाडी कित्येकशे मीटर पुढे जाऊनच थांबते. माझ्या गाडीपुढे एक बाई आली होती. पुढच्या स्टेशन मास्तरांना मेमो दिला आणि गाडी पुढे नेली. नंतर क्रू लॉबीत एका जुन्या लोको पायलटने मला बसवून घेतलं आणि म्हणाला, "सगळं सांग." मध्ये एकदाही बोलला नाही. त्या रात्री मला झोप लागली.

श्रावणबाळाची गोष्ट आपण मातृपितृभक्तीची म्हणून सांगतो. मला तिच्यात दशरथच दिसतो. अंधारात आवाजावर बाण सोडला आणि माणूस गेला. दशरथ पळाला नाही. पाण्याचा घडा घेऊन त्या आंधळ्या आईबापांपुढे गेला, मी कोण आणि माझ्या हातून काय घडलं हे स्वतः बोलला. केवढं धैर्य! पण वाल्मीकींच्या रामायणात कौसल्येला तो हे सांगतो ते राम वनात गेल्यावर, स्वतःच्या मरणाच्या रात्री. लग्नाआधी घडलेली गोष्ट! तू एवढा काळ थांबू नकोस. सूनबाईला आज रात्रीच सांग, अर्धवट नको.

अमेरिकेत मॅरीअन ग्रे नावाच्या बाई होत्या. 1977 मध्ये ओहायोत त्यांच्या गाडीपुढे एक लहान मुलगा धावत आला आणि त्यात तो दगावला. त्या मानसशास्त्राच्या अभ्यासक होत्या. 2003 मध्ये सँटा मोनिकाच्या बाजारात एका म्हाताऱ्याची गाडी घुसून दहा माणसं गेली, तेव्हा त्या रेडिओवर आपली हकीगत बोलल्या. मग तसंच ओझं वाहणारी माणसं त्यांना शोधत आली. अशांसाठीच त्यांनी पुढे काम उभं केलं.

पोलिसांतही खरं तेच बोल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे. "दुसरा ड्रायव्हर दाखवू" म्हणणारे भेटतील, त्यांना उंबऱ्याबाहेर ठेव. लायसन्स आणि विम्याची कागदपत्रं वेळेवर दे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून त्या घराला भरपाई मिळायची तर ती लागतात. त्यांच्यासाठी आत्ता तुला करता येण्यासारखं हे सगळ्यात मोठं काम आहे.

त्यांच्या दारी जायची घाई मात्र करू नकोस. आपलं मन हलकं व्हावं म्हणून त्यांच्याकडे माफी मागणं म्हणजे त्यांच्या दुःखावर आपलं दुःख लादणं. आधी वकिलांना विचार, मग दोन्हीकडच्या विश्वासातल्या माणसाकरवी निरोप धाड. नको म्हणाले तर जायचं नाही.

तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं, इंजिनच्या आवाजाने दचकणं, हे अशा प्रसंगानंतर होतं. त्यावर दारू नको. टेली-मानसचा 14416 हा नंबर रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जीव नकोसा वाटला तर त्याच घटकेला ताईला उठव आणि हा नंबर लाव.

सोमवारी पहाटे मी शिरूरला येतो. पुण्याला ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आपण दोघं जाऊ. आधार कार्ड बरोबर ठेव.

तुझा,
मामा